मागच्या सात दिवसांत

मागच्या सात दिवसांत
खाजेचा त्रास किती झाला?
अजिबात नाही, थोडा, बराच, खूप.
चार चौकोन, एकावर फुली.

फॉर्म अरबीत होता, इंग्रजीत, मल्याळममध्ये, हिंदीत.
मी हिंदी घेतला.
खुजली म्हटलं की ती
दुसऱ्याच कुणाला सुटल्यासारखी वाटते.

मी सित्राच्या प्लांटवर गेज तपासतो.
काटे खरं बोलतात की नाही
एवढंच काम, अकरा वर्षं.
आता मनामाच्या या दवाखान्यात
कोणीतरी माझा काटा बघतंय.

आणि आज कातडी स्वच्छ.
रात्री अडीचला मांड्यांवर, पाठीवर
गांधी उठतात, एकीत एक मिसळतात,
आणि डॉक्टरांसमोर हात असा
जणू मास्तरांसमोरचं साळसूद पोर.
"फोटो काढून आणा," म्हणाले मागे.
फोनमध्ये ओवीचे नऊ फोटो आहेत,
माझ्या पाठीचे एकशे बारा.
सगळे दस्तगीरने काढलेले, डोळे चोळत.

झोपमोड होते का?
कुणाची, ते विचारलेलं नाही.
वरच्या बंकवर मी खाजवतो
तेव्हा खालचा दस्तगीर कूस बदलतो,
त्याची पहिली पाळी चारची.
त्याची फुली कुठे मारू?

कपडे निवडताना अडचण?
कंपनीने दोन दिलेत. दोन्ही निळे.
सेफ्टी बेल्ट जिथे आवळतो तिथे
काम संपल्यावर
तसाच दुसरा पट्टा उमटतो, लाल,
बकल नसलेला.

खेळावर परिणाम?
लिस्सी सिस्टर हसली. मीही हसलो.
मग 'खूप'वर फुली मारली.
शुक्रवारी वाळूच्या मैदानात
हल्ली मी अंपायर असतो.

आईला कळलं तर म्हणेल
घोंगडीवर लोळ, आमसुलाचं पाणी लाव.
सेहेचाळीस डिग्रीत घोंगडी, आई.

दिसण्याची लाज वाटते?
एका रविवारी वरचा ओठ सुजून
नाकापर्यंत आला होता.
नेट नाही म्हणालो, व्हिडिओ बंद ठेवला.
पुढच्या रविवारी डोळा. तेव्हाही नेट नाही.
शालन काही बोलली नाही.
तिसऱ्या रविवारी मी नीट होतो,
भांग पाडून बसलो होतो,
तर तिने तिच्या बाजूचा बंद ठेवला.
"इकडेही नेट नाही," म्हणाली.

याला चौकोन नव्हता.
मी फॉर्म उलटून पाहिला. मागे कोरं होतं.

लिस्सीने बेरीज केली. एकोणचाळीस.
"शंभरातले?"
"हो. मागच्या वेळी सत्तेचाळीस होते."
म्हणजे मी सुधारतोय.
तिने आकडा लिहून खाली रेघ ओढली,
आमच्या लॉगबुकात ओढतो तशीच.

आमच्याकडे गेज हातात आलं की
आधी ते पाइपातून सोडवायचं,
सगळा दाब काढून टाकायचा
आणि काटा शून्यावर येतो का बघायचं.
नाही आला तर पुढचं काही लिहायचं नाही.
मला कुठल्या पाइपातून सोडवाल, सिस्टर,
विचारावंसं वाटलं.
माझी हिंदी तेवढी नाही.

डॉक्टरांनी गोळी वाढवली, पेन दिलं.
उठली की भोवती गोल काढा,
किती तास टिकते ते बघा.

रात्री डाव्या दंडावर एक आली, रुपयाएवढी.
मोबाइलच्या उजेडात गोल काढला,
बाजूला वेळ लिहिली: एक वाजून दहा.
पहाटे बाथरूमच्या आरशात
गोल तसाच होता, निळा, आत काही नव्हतं.
दोन बोटं सोडून बाहेर
नवी एक वर येत होती.

बसचा हॉर्न वाजला.
मी पेन शोधत होतो.
दस्तगीर दारातून ओरडला,
"चल रे, पुसून टाक ते."
मी बाही खाली ओढली.